साखळी करवत : इंधनपुरवठ्यातील दोष

साखळी करवत : (इंधनपुरवठा व त्यातील दोष). चपट्या पोलादी पट्टीभोवती फिरणाऱ्या दातेरी साखळीने लाकूड कापणारे हातात धरावयाचे यंत्र. त्याची साखळी बहुधा पेट्रोलवर चालणाऱ्या लहान दोन-धावी एंजिनाने फिरविली जाते. प्रस्तुत नोंदीत सु. १९६० ते १९९० या काळातील, म्हणजे इलेक्ट्रॉनीय नियंत्रण नसलेल्या करवतींचा विचार केला आहे. अशा अनेक करवती आजही वापरात आहेत. या एंजिनात वंगणासाठी वेगळी टाकी किंवा पंप नसतो. दट्ट्या, सिलिंडर व धारवे (बेअरिंगे) यांना लागणारे तेल पेट्रोलातच मिसळलेले असते. त्यामुळे इंधन कमी पडले म्हणजे वंगणही कमी पडते. मोटारीच्या एंजिनाला पेट्रोल कमी मिळाले, तर ते बहुधा बंद पडते; साखळी करवतीचे एंजिन मात्र तशा स्थितीत काही काळ अधिकच जोमाने चालल्यासारखे वाटते आणि नंतर दट्ट्या सिलिंडरात जखडतो. कारागीर याला एंजिन ‘सीझ’ झाले असे म्हणतात. इंधनपुरवठ्यातील लहानशा दोषाकडे दुर्लक्ष करता येत नाही, ते यामुळेच [⟶ अंतर्ज्वलन एंजिन].

आरंभीच्या पेट्रोल-करवतींत मोटारसायकलीप्रमाणे तरंगता गोळा असलेला कार्ब्युरेटर वापरीत. तो उभाच राहिला पाहिजे, अशी अट असे. उभे झाड पाडताना पट्टी आडवी धरावी लागते. म्हणून एंजिन उभे ठेवून केवळ पट्टी वळविण्याची योजना करावी लागे. १९५० च्या सुमारास पटल कार्ब्युरेटर प्रचारात आला आणि करवत कोणत्याही कोनात, अगदी उलटी धरूनही, चालविणे शक्य झाले.

रचना व कार्य : टाकीत लवचिक नळीच्या टोकाशी वजनदार गाळणी असते. करवत कशीही कलली तरी ही गाळणी इंधनाच्या तळाशी जाते. तेथून इंधन कार्ब्युरेटरमधील पंपाकडे येते. हा पंप म्हणजे एक पातळ पटल होय. दट्ट्या वर जाताना खालच्या पेटीतील दाब घटतो व खाली येताना वाढतो. हे स्पंदन एका बारीक छिद्रावाटे किंवा नळीवाटे पटलाच्या एका बाजूस पोहोचते आणि पटल मागेपुढे हलते. मिनिटास ९,००० फेरे होत असताना हे स्पंदन सेकंदास १५० वेळा घडते. पटलाच्या कडेला कापून तयार केलेल्या दोन जिभा झडपांचे काम करतात. पुढे इंधन बारीक जाळीतून व सुई झडपेतून मापन कक्षात येते. एंजिनाने कक्षातील इंधन शोषून घेतले की तेथील दाब कमी होतो, बाहेरील वातावरणाचा दाब दुसऱ्या पटलाला आत ढकलतो, पटल एक छोटी तरफ दाबते आणि सुई उचलली जाऊन नवे इंधन आत येते. सर्व यंत्रणा अशी दाबातील सूक्ष्म फरकांवर चालते. म्हणून तिचे बरेचसे दोष डोळ्यांना दिसत नाहीत.

दोषशोधन : करवत अडखळू लागली की कार्ब्युरेटरवरील दोन स्क्रू फिरविण्याचा मोह होतो. तो टाळणे इष्ट. पूर्वी नीट चालणाऱ्या करवतीचे स्क्रू आपोआप क्वचितच बिघडतात. ते फिरविल्याने मूळ दोष झाकला जातो व शोधाचा धागाही हरवतो. प्रथम चोक लावून काही वेळा दोरी ओढावी व स्पार्क प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल, तर इंधन पोहोचत नाही. ओला असून ठिणगीही चांगली पडत असेल, तर बहुधा इंधन जादा येत आहे. ओला असून ठिणगी नसेल, तर दोष विद्युत् भागात आहे. एंजिन तापल्यावर बंद पडते व निवल्यावर सुरू होते, तेव्हा प्रज्वलन वेटोळ्याचा दोष पुष्कळदा इंधनाच्या माथी मारला जातो.

एंजिन मिनिटभर चांगले चालून मंदावत असेल, तर टाकीचे झाकण किंचित सैल करून पाहावे. त्याने फरक पडल्यास हवा आत घेणारी झडप तुंबली आहे, असे समजावे. टाकीत निर्वात होऊन इंधन ओढले जात नाही, एवढाच हा दोष असतो आणि त्यासाठी अनेक कार्ब्युरेटर अकारण खोलले गेले आहेत. टाकी भरलेली असताना करवत चालते व अर्धी झाल्यावर किंवा कलती धरल्यावर बंद पडते, असे असेल तर नळीला चीर गेलेली असते. ही चीर बहुधा नळी टाकीच्या भिंतीतून बाहेर येते तेथे पडते व नळी ताणल्याखेरीज दिसत नाही. मंद गतीला एंजिन ठीक, पण लाकडात पट्टी घालताच दम सोडते, याचे कारण पुष्कळदा तुंबलेली गाळणी किंवा कार्ब्युरेटरमधील जाळी हे असते.

येथवर दोष न सापडल्यास कार्ब्युरेटर खोलावा. जुनी पटले कडक होतात. बोटाने दाबल्यास कागदासारखी वाजतात. पंपाचे पटल कडक झाले की भरधाव वेगात इंधन अपुरे पडते. मापन पटल कडक झाले, तर करवत चोक लावूनच चालते आणि वेग वाढविताच मरते. या पटलावरील झाकणाला वातावरणाशी जोडणारे छिद्र असते. ते भुशाने बुजले तरी हीच लक्षणे दिसतात. सुईच्या बैठकीत कचरा अडकला किंवा तरफ प्रमाणाबाहेर उंच असली की इंधन वाहत राहते. तरफ फार खाली असल्यास उपासमार होते. तपासणीसाठी इंधनाच्या प्रवेशनळीला हातपंपाने सु. ०.५ बार दाब द्यावा. तो टिकला पाहिजे. जोडणी करताना मापन बाजूस आधी गॅस्केट व त्यावर पटल बसवितात. पंपाच्या बाजूचा क्रम प्रतिकृतीनुसार बदलतो; म्हणून भाग सोडवितानाच तो लिहून ठेवावा.

इंधन पुरेसे येत असूनही मिश्रण विरळ होण्याचे एक कारण सर्वांत घातक आहे. कार्ब्युरेटर व सिलिंडर यांमधील रबरी जोड फाटला किंवा मुख्य दंडाच्या टोकांवरील तेलरोधक झिजले, तर बाहेरची हवा आत शिरते. मंद गती आपोआप वाढत जाते, वेग सोडल्यावर एंजिन सावकाश उतरते व आवाज तीक्ष्ण होतो. असा आवाज येताच करवत बंद करावी. इंधनाचा स्क्रू उघडून हे लक्षण तात्पुरते दबते, पण गळती कायम राहून वाढत जाते. सिलिंडरची द्वारे बंद करून दाब आणि निर्वात या दोन्ही कसोट्या घेणे, हाच खात्रीचा उपाय होय. तेलरोधक दाबाखाली टिकून निर्वातात गळू शकतो.

स्क्रूंचे समायोजन सर्वांत शेवटी, हवेची गाळणी स्वच्छ करून व एंजिन तापवून करतात. अनेक प्रतिकृतींत दोन्ही स्क्रू हलकेच बंद करून एकेक फेरा उघडणे ही आरंभस्थिती असते. भाराविना पूर्ण वेगात आवाज किंचित अडखळता यावा व लाकडात साखळी जाताच तो साफ व्हावा. भाराविनाही आवाज साफ व किंचाळता असल्यास मिश्रण विरळ आहे.

इंधन व साठवण : तेलाचे प्रमाण निर्मात्याने सांगितलेलेच ठेवावे. ते १:५० असेल, तर लिटरला २० मिलि. व १:२५ असेल, तर ४० मिलि. तेल लागते. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल विक्रीस आले. जुन्या करवतींतील रबरी नळ्या व पटले अशा इंधनासाठी बनविलेली नव्हती. ती फुगतात किंवा ठिसूळ होतात. शिवाय इथेनॉल हवेतील आर्द्रता शोषते. पाणी पुरेसे जमले की पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, तेल मात्र वरच्या पेट्रोलात राहते. वजनदार गाळणी नेमकी तळाशी असल्यामुळे एंजिनात तेलविरहित द्रव जातो. कोकणासारख्या दमट प्रदेशात ही भीती अधिक. तेथे करवत महिनोन्‌महिने पडून असते आणि अचानक लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात असंख्य झाडे उन्मळून पडली, तेव्हा रस्ते मोकळे करण्यासाठी अशा यंत्रांचीच निकड भासली. म्हणून महिन्याहून अधिक काळ करवत ठेवावयाची असल्यास टाकी रिकामी करून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत मंद गतीने चालवितात. कोरडे राहून पटल कडक होते, असाही एक आक्षेप आहे. परंतु त्यापेक्षा जुन्या पेट्रोलाचा चिकट थर सुई झडपेत साचणे अधिक त्रासदायक ठरते. पुन्हा वापरताना ताजे मिश्रण भरावे, नळ्यांच्या सांध्यांशी ओल दिसते काय ते पाहावे आणि इंधन भरल्या जागेपासून किमान ३ मी. दूर नेऊनच एंजिन सुरू करावे.