कार्डाचा बोनस : घ्यावा, पण हिशेब मांडून

दुपारची वेळ असते. ओटा आवरून तुम्ही जरा टेकलेल्या असता आणि तेवढ्यात फोन वाजतो. पलीकडून गोड आवाज येतो, "मॅडम, आमचं ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड घ्या. सुरुवातीलाच दहा हजार पॉइंट्स! विमानाचं तिकीट फुकट!" तुम्ही "नको" म्हणून फोन ठेवता. पण ते तिकीट मनात घोळत राहतं. आईला काशीला न्यायचं राहून गेलेलं असतं. मुलांनी विमान गच्चीवरूनच पाहिलेलं असतं.

खरंच मिळतं का हो असं तिकीट?

मिळतं, भगिनींनो. पण बँक काही अन्नछत्र चालवीत नाही. तिला नवं गिऱ्हाईक हवं असतं, वर्षाची फी हवी असते आणि तुम्ही कार्ड वापरलंत की दुकानदाराच्या रकमेतला थोडा वाटाही तिला मिळतो. शिवाय कार्ड घेणाऱ्यांपैकी काही जण बिल थकवतील आणि भरपूर व्याज देतील, हा तिचा हिशेब. आपण त्या काही जणांत जायचं नाही, हा आपला हिशेब. तो घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईला जितका चांगला जमेल, तितका दुसऱ्या कुणाला जमणार?

आधी वहीच्या मागच्या पानावर मांडा

समजा, कार्डाची पहिली फी ३,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५४० रुपये. एकूण ३,५४० रुपये तुमच्या हातून गेले. बोनस आहे १०,००० पॉइंट्स, आणि अट अशी की ९० दिवसांत ९०,००० रुपयांचा खर्च कार्डावर व्हायला हवा.

आता पहिला प्रश्न विचारायचा, एका पॉइंटचे पैसे किती? दहा हजार म्हटलं की आपल्याला दहा हजार रुपयेच दिसू लागतात. तसं बहुतेक वेळा नसतं. तोच पॉइंट विमानाच्या तिकिटासाठी वापरला तर समजा ५० पैशांचा, आणि वस्तूंच्या यादीतून डिनर सेट मागवला तर २५ पैशांचा. म्हणजे तिकीट घेतलंत तर ५,००० रुपयांचा लाभ, त्यातून फी वजा जाता १,४६० रुपये सुटले. डिनर सेट घेतलात तर २,५०० रुपयांचा लाभ, म्हणजे १,०४० रुपये उलट गेले! बोनस तोच, पण एकीची कमाई आणि दुसरीचा तोटा.

आता याच हिशेबात एक चूक घालून पाहू. एका महिन्याचं ३०,००० रुपयांचं बिल भरायचं राहिलं. महिना साडेतीन टक्के व्याज ही कार्डांवर नवलाची गोष्ट नाही. म्हणजे १,०५० रुपये व्याज, त्यावर १८९ रुपये जीएसटी, मिळून १,२३९. तुमच्या १,४६० मधून हाती उरले २२१ रुपये. उशिराचा दंड अजून धरलेलाच नाही! आणि एकदा बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं, ते वेगळंच.

बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून एक लहानसा आकडा छापलेला असतो. तो पाहून हायसं वाटतं, पण तेवढंच भरलं तर उरलेल्या रकमेवर व्याज चढतच राहतं. पूर्ण बिल वेळेवर भरणं जमणार नसेल, तर बोनसचा विचार तिथेच सोडून द्यावा. आणि या कार्डावर एटीएममधून रोख रक्कम तर काढूच नये. तिच्यावर त्याच दिवसापासून व्याज लागतं, वर शुल्कही.

खर्च आधीपासूनचा हवा

माझ्या परिचयाच्या एका बाईंना मुदत संपायला चार दिवस असताना आठ हजारांचा खर्च कमी पडत होता. त्यांनी घाईघाईने भलंमोठं फूड प्रोसेसर आणलं. ते आज माळ्यावर आहे.

नाशिकच्या माझ्या मैत्रिणीने नेमकं उलट केलं. तिने आधी वर्षाचे मोठे खर्च लिहून काढले : जूनमध्ये वह्यापुस्तकं आणि गणवेश, त्याच सुमारास बिघडलेल्या फ्रीजच्या जागी नवा, शिवाय दर महिन्याचा किराणा आणि औषधं. सगळं एकत्र येतं तो काळ तिने हेरला आणि मे महिन्याच्या अखेरीस अर्ज केला. जादा असं काहीही घेतलं नाही. कार्डावर जेवढा खर्च होई, तेवढी रक्कम त्याच संध्याकाळी ती वेगळ्या बचत खात्यात टाकी. आपल्या आज्या तांदळाच्या डब्यात पैसे बाजूला ठेवत, तसंच हे. बिल आलं की रक्कम तयार.

मात्र दोन गोष्टी आधी बघून घ्याव्यात. एक, मुदत केव्हापासून मोजतात? पुष्कळदा कार्ड तयार झाल्याच्या तारखेपासून, तुमच्या हाती पडल्यापासून नव्हे. दुसरी, कोणते खर्च धरतात? पेट्रोल, घरभाडं, हप्त्यांवरची खरेदी, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, असे खर्च बऱ्याच कार्डांवर धरत नाहीत. काही ठिकाणी विमा आणि शाळेची फीसुद्धा वगळतात. परत केलेली साडी तर हिशेबातून वजा होतेच. बँकेच्या अटींचा कागद चष्मा लावून वाचावा. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

कार्ड कुणाच्या नावावर?

यजमानांच्या कार्डावर तुमच्या नावाचं जोडकार्ड मिळतं. त्यावरचा खर्च साधारणपणे त्याच खात्याच्या अटीत धरला जातो, त्यामुळे दोघांनी मिळून ९०,००० गाठणं सोपं जातं. पण पॉइंट्स आणि बिलाची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची. तुमची स्वतःची मिळकत असेल, मग ती नोकरीची असो वा शिकवण्यांची, तर स्वतःच्या नावाने अर्ज करायला संकोचू नका. वेळेवर भरलेल्या बिलांची नोंद तुमच्या नावावर होते आणि उद्या कर्ज काढायची वेळ आली तर ती उपयोगी पडते. मिळकत नसेल तर मुदत ठेवीच्या तारणावर बऱ्याच बँका कार्ड देतात. त्यावर बोनस फारसा नसतो, पण नावाची पत तयार होते. एजंट म्हणाला, "उत्पन्न थोडं वाढवून लिहू या," तर त्याला सरळ वाट दाखवावी.

बोनसच्या मोहाने एकामागून एक चार अर्जही करू नयेत. प्रत्येक अर्जाची नोंद पतमापन संस्थांकडे राहते. तुमची पतनोंद वर्षातून एकदा या संस्थांकडून विनामूल्य मागवता येते, तेवढी जरूर पाहावी.

पॉइंट्स लोणच्यासारखे मुरवू नका

पॉइंट्स म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. त्यांची मुदत संपते आणि किंमत कंपनी केव्हाही कमी करू शकते. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, ती पुन्हा प्रवासी घेऊन उडाली नाहीत. त्या विमानांसाठी वर्षानुवर्षं साठवण करणाऱ्यांना ती तिकिटं मिळायची राहूनच गेली. म्हणून कुठे जायचं ते आधी ठरवा, मग कार्ड निवडा. बँकेचे पॉइंट्स विमान कंपनीकडे वळवले की सहसा परत येत नाहीत, तेव्हा त्या तारखेला जागा आहे का, हे आधी बघा. दिवाळीत आणि मेच्या सुट्टीत अशा जागा फार थोड्या असतात. आणि 'फुकट' तिकिटावरही कर नि विमानतळाचं शुल्क बहुधा आपल्यालाच भरावं लागतं, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

"तुमचे पॉइंट्स आज रात्री संपताहेत, ही लिंक दाबा," असा निरोप आला तर दाबू नका, आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. बोनस राहू द्या, खातं रिकामं व्हायचं!

दुसऱ्या वर्षाची फी लागण्याआधी कॅलेंडरवर खूण करून ठेवा. कार्ड उपयोगाचं नसेल तर पॉइंट्स वापरून, बाकी चुकती करून ते बंद करा. बँकेने टाळाटाळ केली तर घाबरायचं कारण नाही. बाकी नसेल तर सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावेत, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घातला आहे.

माझी ती नाशिकची मैत्रीण त्या हिवाळ्यात आईला घेऊन मुंबईहून विमानाने काशीला गेली. आईचं तिकीट पॉइंटांवर, स्वतःचं पैशाने. म्हातारीने खिडकीतून ढग पाहिले आणि विचारलं, "किती पडले गं याचे?" मैत्रिणीने पर्समधून वही काढून दाखवली. फी, कर, तिकीट, सगळं त्यात लिहिलेलं होतं. व्याजाच्या रकान्यात शून्य होतं.

तेव्हा पुढच्या वेळी दुपारी तो फोन आला, तर लगेच "नको"ही म्हणू नका आणि "हो"ही म्हणू नका. "अटींचा कागद पाठवा," एवढंच म्हणा आणि वही उघडा.