‘पास’ या शब्दाचे अर्थ व व्यवहार

इंग्रजी भाषेतून येऊन आपल्या भागात घरोघरी रूढ झालेल्या शब्दांत ‘पास’ या शब्दाचा क्रमांक बराच वरचा लागेल. निकालाच्या दिवशी, एसटीच्या खिडकीपाशी, वनविभागाच्या तपासणी नाक्यावर आणि ग्रामसभेच्या बैठकीत तो सारख्याच सहजतेने ऐकू येतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत राहणाऱ्या माणसाचे तर या शब्दावाचून एक आठवडाही निभणार नाही. इंग्रजी शिकविताना या एकाच शब्दाने विद्यार्थ्यांना वारंवार बुचकळ्यात पाडल्याचे आम्ही पाहिले आहे. म्हणून त्याचे निरनिराळे अर्थ आणि त्या अर्थांमागील व्यवहार यांचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. लॅटिन भाषेत ‘पासुस’ म्हणजे पाऊल. त्यावरून फ्रेंचमध्ये ‘पुढे जाणे, ओलांडणे’ या अर्थाचे क्रियापद झाले आणि तेथून ते इंग्रजीत आले. बल्लारशाह-गोंदिया मार्गावरील ‘पॅसेंजर’ गाडी, बँकेतील ‘पासबुक’ आणि परदेशी जाण्यासाठी लागणारा ‘पासपोर्ट’ ही याच कुळातील मंडळी होत. मराठीतील ‘आसपास’, ‘पाशी’, ‘पासून’ हे शब्द मात्र संस्कृत ‘पार्श्व’ म्हणजे बाजू यावरून आले असून त्यांचा इंग्रजी ‘पास’शी काही संबंध नाही. तिसरे एक साम्य आमच्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या वंदनेत आहे. धम्माच्या गुणांत ‘एहिपस्सिको’ हा शब्द येतो. त्यातील ‘पस्स’ म्हणजे ‘पाहा’. ‘ये आणि स्वतः पाहून घे’ असे आवाहन करणारा तो धम्म. ध्वनी एकच असला तरी ही तीन कुळे निराळी आहेत.

मराठीने हा शब्द घेतला आणि त्याला निरनिराळी क्रियापदे जोडून त्याचे अर्थ वेगळे केले. परीक्षेत आपण पास ‘होतो’, एसटीचा पास ‘काढतो’, ग्रामसभा ठराव पास ‘करते’ आणि चेंडू सोबत्याला पास ‘देतो’. गाडीचे ‘पासिंग’ सांगितले की ती कोठली हेही कळते. एमएच ३३ म्हणजे गडचिरोली आणि एमएच ३४ म्हणजे चंद्रपूर, हे येथील लहान मुलांनाही ठाऊक असते. ‘टाइमपास’ने तर एका मोठ्या उद्योगाचे नाव पटकावले आहे! ‘नापास’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ‘नाराज’, ‘नापसंत’ यांतील फारसी ‘ना’ इंग्रजी शब्दाला लावून तो तयार झाला. इंग्रजांनी आपल्याला ‘पास’ दिला. ‘नापास’ मात्र आपणच घडविला.

इंग्रजीत अर्थभेद बहुधा पुढे येणाऱ्या लहान शब्दाने होतो आणि विद्यार्थी तेथेच घसरतात. ‘पास बाय’ म्हणजे जवळून जाणे, ‘पास ऑन’ म्हणजे पुढे पोहोचविणे, तर ‘पास अवे’ म्हणजे निधन पावणे. आपल्याकडे महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण केलेला तरुण ‘पास आउट’ झालो असे अभिमानाने सांगतो. पण इंग्लंडमधील ऐकणाऱ्याला तो बेशुद्ध पडला होता असे वाटण्याचा संभव आहे. पोलीस आणि सैन्य यांच्या ‘पासिंग आउट’ संचलनात मात्र प्रशिक्षण पूर्ण झाल्याचाच अर्थ आहे. डोंगरातील ‘पास’ म्हणजे खिंड. या सर्व अर्थांच्या मुळाशी एक पाऊल आहे आणि ओलांडावयाची एक रेषा आहे.

परीक्षेची रेषा सर्वांच्या परिचयाची आहे. दहावीत शंभरांपैकी पस्तीस गुणांवर ती आखलेली असते. चौतीस आणि पस्तीस यांत ज्ञानाचा फरक नगण्य, परंतु दुर्गम गावातून वसतिगृहात आलेल्या मुलामुलींसाठी तो एक गुण कधी कधी शिक्षण आणि मजुरी यांमधील अंतर ठरतो. अशा वेळी एक गोष्ट स्मरणात ठेवावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. त्यांच्या अभिनंदनाच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. रेषा ओलांडली एवढेच त्या गुणांनी सांगितले. पुढे ते पाऊल कोठवर जाईल हे सांगणे गुणपत्रिकेच्या आवाक्यातले नव्हते.

दुसरा महत्त्वाचा अर्थ परवान्याचा. ग्रामीण विद्यार्थिनींना मिळणारा एसटीचा मोफत पास हे त्याचे सुखद रूप होय. त्या पासमुळे किती लेकी शाळेत टिकल्या, हे गावोगावच्या पालकांना विचारावे. याच अर्थाचे कठोर रूप जंगलात दिसते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ४१ नुसार वनोपजाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार सरकारकडे आहे. त्या नियमांनुसार लागणारा वाहतूक परवाना म्हणजे ‘ट्रान्झिट पास’. बोलण्यात त्याला ‘टीपी’ म्हणतात. माल हाती असला तरी पास नसेल तर तो नाक्यापलीकडे जात नाही. याच जंगलांतील बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे गेला. जंगलाशेजारी राहणाऱ्यांना मात्र तो विकण्याचा अधिकार नव्हता.

येथे ‘पास’चा तिसरा अर्थ, म्हणजे कायदा संमत होणे, दुसऱ्या अर्थाला येऊन मिळतो. वनहक्क विधेयक डिसेंबर २००६ मध्ये संसदेत पास झाले. त्यात बांबूला गौण वनोपज म्हटले होते आणि गौण वनोपजावर वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला होता. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. परंतु १९२७ च्या अधिनियमात बांबूची गणना वृक्षांत होती. त्यामुळे बांबू गावाचा असला तरी त्याच्या वाहतुकीचा पास देणारा हात दुसऱ्याचाच राहिला. कायदा पास झाला, पण बांबूला पास मिळेना, अशी ही विचित्र अवस्था होती. ग्रामसभेने चिकाटी सोडली नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक पासांचे पुस्तकच मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी एखाद्या गाडीपुरता पास मिळविला नव्हता. पास देण्याचा अधिकार मिळविला होता. सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन असा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल, अशी तरतूद झाली.

या उदाहरणाकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. ‘पास’ शब्द कानी पडला की तीन प्रश्न विचारावेत. रेषा कोणती आहे? ती कोणी आखली? आणि पासवर सही कोणाची आहे? मेंढ्याच्या लोकांनी हे प्रश्न विचारले, कायदा गटाने बसून वाचला, सर्वसहमतीने ठराव केले आणि मग पासचे पुस्तक मागितले. कोणी सांगितले म्हणून न मानता स्वतः पाहून घेण्याची जी शिकवण ‘एहिपस्सिको’ या शब्दात आहे, ती या व्यवहाराला तंतोतंत लागू पडते.

या शाळेतून दरवर्षी विद्यार्थी पास होऊन बाहेर पडतात, याचा आम्हांस आनंद आहे. त्यांपैकी काही जण उद्या ग्रामसभेत बसतील, काही नाक्यावर कर्मचारी म्हणून उभे राहतील, काही शिक्षक होऊन उत्तरपत्रिका तपासतील. तेव्हा पासवर सही करणारा हात त्यांचा असेल. समोर उभा असलेला माणूस किती लांबून चालत आला आहे, हे सही करण्यापूर्वी त्यांनी आवर्जून विचारावे.