चुंबकाने घट्ट होणारे तेल

थंडीच्या दिवसांत काकवीची बरणी तिरपी केली तरी धार पडता पडत नाही. तीच बरणी घटकाभर उन्हात ठेवा, काकवी भराभर वाहू लागते. उष्णतेने द्रव पातळ होतो, हे आपण सारेच स्वयंपाकघरात शिकतो. पण चुंबक जवळ नेताच लोण्यासारखे घट्ट होणारे आणि तो दूर नेताच पुन्हा वाहणारे तेल आपण पाहिले आहे काय?

अमेरिकेतील तेव्हाच्या ‘नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स’ या संस्थेत जेकब रॅबिनोव यांनी १९४८ च्या सुमारास असे तेल यंत्राच्या क्लचमध्ये वापरून दाखवले. त्यात असते काय? साध्या तेलात लोखंडाची अतिशय बारीक पूड. एकेक कण मिलिमीटरच्या हजाराव्या ते शंभराव्या भागाएवढा. चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक कण इवलासा चुंबक बनतो आणि कणामागे कण लागून साखळ्या तयार होतात. आता तेलाला वाहायचे तर या साखळ्या तोडाव्या लागतात! २००२ पासून काही मोटारींच्या शॉक-ॲब्सॉर्बरमध्ये हेच तत्त्व वापरले जाते.

पण खडबडीत रस्त्यावर शॉक-ॲब्सॉर्बर तापतो. तेल पातळ झाले तर साखळ्यांची पकडही ढिली होईल काय? हे मोजूनच पाहिले पाहिजे.

दोन सपाट तबकड्या घेतात. मधल्या सुमारे एक मिलिमीटरच्या फटीत हे तेल भरतात. खालची तबकडी स्थिर. वरची फिरवायला किती जोर लागतो, ते मोजायचे. खाली तारेचे वेटोळे असते. त्यातला विजेचा प्रवाह वाढवला की चुंबकीय क्षेत्र वाढते. पण खरी मेख इथेच आहे. वेटोळे स्वतःच तापते! म्हणजे आपण क्षेत्र वाढवले असे समजतो आणि नकळत उष्णताही वाढवून बसतो. मग दिसलेला परिणाम कोणाचा म्हणायचा? म्हणून तबकडीखालून ठरावीक तापमानाचे पाणी खेळवतात. आधी तापमान कायम ठेवून क्षेत्र बदलायचे. मग क्षेत्र कायम ठेवून तापमान.

असे केले की उत्तर स्वच्छ मिळते. क्षेत्र नसताना हे तेल काकवीसारखेच उष्णतेने पातळ होते. प्रबळ क्षेत्रात मात्र पकड फारच थोडी ढिली होते. कारण ती पकड तेलाची नव्हे, लोखंडाची. आणि लोखंड आपला हा गुण सोडते ते सुमारे ७७० अंश सेल्सियसला. गाडीतले तेल तिथवर कधीच तापत नाही.

महाविद्यालयात मुलांना मी हेच सांगत असतो : एका वेळी एकच कारण बदला. दोन्ही एकदम बदलाल, तर आकडे हाती येतील, उत्तर येणार नाही.