शोध घेणेही शिकवावे लागते

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला १९८२च्या मुंबईतील गिरणी संपावर निबंध लिहायला सांगितला, की पुढे काय होते हे बहुतेक प्राध्यापकांना ठाऊक असते. विद्यार्थी इंटरनेटवर विषयाचे नाव टंकतो, पहिल्या पानावरील तीन-चार दुवे उघडतो, त्यातील परिच्छेद थोडेफार फिरवून उतरवतो आणि शेवटी संकेतस्थळांचे पत्ते जोडतो. निबंध पूर्ण होतो. शोध मात्र सुरूच झालेला नसतो. याचे खापर विद्यार्थ्याच्या आळसावर फोडणे सोपे आहे. पण शोध कसा घ्यावा, हे त्याला बहुधा कोणी शिकवलेलेच नसते.

शब्दांची निवड

शोधाची पहिली पायरी म्हणजे शब्दांची निवड. ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत शीर्षकाच्या रकान्यात इंग्रजीतून 'मुंबई' असे टाकले, तर या संपावरील एक महत्त्वाचा ग्रंथ हाती लागत नाही. व्हान वेर्श यांच्या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या नावात 'मुंबई' नव्हे, 'बॉम्बे' आहे. शहराचे अधिकृत इंग्रजी नाव १९९५ साली बदलले. त्याआधीचे बहुतेक इंग्रजी लेखन जुन्याच नावाने नोंदलेले आहे. 'गिरणी', 'मिल', 'टेक्स्टाइल', 'संप', 'स्ट्राइक' हे शब्दही वेगवेगळ्या नोंदींकडे नेतात. म्हणूनच शोधाला बसण्यापूर्वी विषयाचे मराठी-इंग्रजी पर्यायी शब्द कागदावर मांडून घेण्याची सवय लावावी लागते. शब्दसमूह अवतरणचिन्हांत दिला की बहुतेक ठिकाणी तोच समूह शोधला जातो, ही साधी युक्तीही अनेकांना नव्याने कळते.

कपाटांचे शास्त्र

दुसरी पायरी ग्रंथालयातील मांडणी समजून घेण्याची. मेलविल ड्यूई यांनी १८७६ साली मांडलेली दशांश वर्गीकरण पद्धत आपल्याकडील अनेक ग्रंथालयांत वापरली जाते. या पद्धतीत संपाविषयीचे ग्रंथ ३३१.८९२ या क्रमांकाजवळ सापडतात, तर भारताच्या इतिहासाचे ग्रंथ ९५४ या विभागात. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास एखाद्या ग्रंथालयात दुसऱ्या विभागातही असू शकतो. एकच विषय दोन कपाटांत विभागलेला असतो, हे ज्याला ठाऊक आहे तोच दोन्हीकडे जातो. शिवाय हव्या त्या ग्रंथाच्या शेजारी उभा असलेला, नावही ऐकलेले नसलेला ग्रंथ अनेकदा अधिक उपयोगी ठरतो.

पारख कशी करावी?

सर्वांत अवघड पायरी पारखीची. संपात उतरलेल्या कामगारांचा आकडा सर्वसाधारणपणे अडीच लाख असा दिला जातो. तो मूळ कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे दिला, हा प्रश्न विचारल्याशिवाय आकड्याचे पुराव्यात रूपांतर होत नाही. त्या वर्षाची वृत्तपत्रे, कामगार संघटनेची पत्रके आणि नंतर लिहिलेले विवेचन यांचे मोल सारखे नसते, हेही सांगावे लागते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली इतिहासाचे प्राध्यापक, पदवीचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांची तुलना केली. प्राध्यापक आणि विद्यार्थी संकेतस्थळाच्या रूपावर, नावावर भाळून त्याच पानावर वाचत राहिले. तथ्यतपासनीस मात्र ते पान लगेच बाजूला ठेवून, त्यामागे कोण आहे हे अन्यत्र पाहू लागले आणि कमी वेळात अचूक निष्कर्षाला पोहोचले. विद्वत्ता आणि पारख या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यातून दिसते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी ही निकड वाढवली आहे. अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे आणि लेखांचे संदर्भ ती अस्सल वाटतील अशा थाटात देऊ शकतात. २०२३ साली न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी अशा साधनाने रचलेले खोटे निवाडे न्यायालयात सादर केले आणि पाच हजार डॉलरचा दंड ओढवून घेतला. तालिकेत एकदा नोंद तपासली असती, तर ही नामुष्की टळली असती.

साधने आहेत, सराव नाही

साधनांची उणीव पूर्वीइतकी उरलेली नाही. 'शोधगंगा'वर भारतीय विद्यापीठांतील लाखो प्रबंध विनामूल्य वाचता येतात. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या योजनेने १ जानेवारी २०२५पासून सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली केली आहेत. परंतु दार उघडले म्हणून आत जाण्याची वाट आपोआप कळत नाही.

ही वाट आज फार उशिरा दाखवली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने संशोधन व प्रकाशन नीतीचा तीस तासांचा अभ्यासक्रम २०१९मध्ये अनिवार्य केला, तो पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी. २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार प्रबंधातील साधर्म्य साठ टक्क्यांपेक्षा अधिक आढळल्यास नोंदणीच रद्द होऊ शकते. पदवीची पाच वर्षे उतरवण्यात गेल्यावर एकाएकी सचोटीची अपेक्षा करणे कितपत न्याय्य आहे? शिवाय बहुसंख्य विद्यार्थी पीएचडीपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांना बातमी, औषध, कर्ज आणि मत यांविषयीचे निर्णय मात्र आयुष्यभर घ्यायचे असतात.

वर्षारंभी ग्रंथालयात तासभर फिरवून आणणे हा यावरचा उपाय नव्हे. हातात प्रश्न नसताना ऐकलेली माहिती आठवड्यात विसरली जाते. निबंधाचा विषय दिला, त्याच आठवड्यात प्राध्यापक आणि ग्रंथपाल यांनी मिळून वर्ग घ्यावा. कोणते शब्द वापरले, काय सापडले आणि कोणता संदर्भ का नाकारला, याची टिपणवही विद्यार्थ्याकडून मागावी. आणि गुण केवळ निबंधाला नव्हे, तर त्या वहीलाही द्यावेत. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, की मोठा निधीही लागत नाही.

वाचकाचा वेळ वाचवा, असा नियम डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत घालून दिला. क्षणार्धात उत्तरे देणारे यंत्र म्हणजेच वेळेची बचत, असा समज आज रूढ होत आहे. चुकीच्या उत्तरामागे गेलेला वेळ त्या हिशेबात कोणी धरत नाही.