परत आलेल्या ईमेलचा अर्थ व त्यांची व्यवस्था

परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली. स्थापनादिनी खरीप शेतकरी मेळावा भरविण्याची व विद्यापीठाच्या बियाण्याची विक्री सुरू करण्याची तेथे प्रथा आहे. अशा विक्रीची वार्ता शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी सेवा केंद्रे व शेतकरी यांना ईमेलने कळवावयाची झाल्यास मजकुरापेक्षा पत्त्यांचा प्रश्न अधिक बिकट ठरतो. समजा, जिंतूरपासून गंगाखेडपर्यंतच्या २,००० पत्त्यांवर सूचना धाडली व १५० संदेश परत आले. या १५० संदेशांचे काय करावे, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. परंतु उरलेल्या १,८५० जणांना पुढील सूचना मिळणे न मिळणे हेही त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

ईमेलची ने-आण ज्या नियमांनुसार होते, त्यांस ‘एसएमटीपी’ म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी सिद्ध केलेली त्यांची संहिता ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. या नियमांनुसार घेणारा सर्व्हर धाडणाऱ्या सर्व्हरला तीन अंकी उत्तर देतो. पहिला अंक २ असल्यास स्वीकार, ४ असल्यास तात्पुरता नकार व ५ असल्यास कायमचा नकार समजावा. बहुधा त्यासोबत कारणदर्शक संकेतही येतो. ५.१.१ म्हणजे त्या नावाची पेटी अस्तित्वात नाही, ४.२.२ म्हणजे पेटी भरलेली आहे, ५.७.१ म्हणजे संदेश स्वीकारण्यास अनुमती नाही. टपालाच्या परत आलेल्या पाकिटावर पोस्टमनने लिहिलेल्या शेऱ्याचे जे महत्त्व, तेच या अंकांचे होय. शेरा न वाचता पाकीट फेकून देणे जितके अविचाराचे, तितकेच सर्व परत संदेशांना एकच न्याय लावणे अयोग्य ठरते.

तात्पुरत्या नकाराच्या बाबतीत घाई करू नये. धाडणारा सर्व्हर आपण होऊन पुन्हा प्रयत्न करतो. दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्ध्या तासाचे अंतर असावे व सामान्यतः चार-पाच दिवसांपर्यंत प्रयत्न सोडू नये, असे नियमांत सुचविले आहे. काही सर्व्हर तर अनोळखी प्रेषकास प्रथम मुद्दाम परतवितात व तो पुन्हा आला म्हणजेच संदेश घेतात. म्हणून असा पत्ता एका नकारावरून यादीतून काढू नये. तसे केल्यास पेटी केवळ भरलेली असलेला शेतकरी पुढील सर्व सूचनांना कायमचा मुकतो. निरनिराळ्या वेळी धाडलेले अनेक संदेश लागोपाठ परत आल्यासच तो पत्ता स्थगित करावा.

कायमच्या नकाराचे दोन भेद ध्यानात घेतले पाहिजेत. ५.१.१ हा दोष पत्त्याचा असतो. मेळाव्यातील नोंदवहीत हाताने लिहिलेले अक्षर चुकीचे वाचले गेले असेल, किंवा बदली झालेल्या अधिकाऱ्याची पेटी बंद झाली असेल. अशा पत्त्यावर धाडणे तत्काळ थांबवावे. मात्र मूळ नोंद ताडून व दूरध्वनीने विचारून शुद्ध पत्ता मिळवावा. ५.७.१ मध्ये दोष बहुधा प्रेषकाचा असतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रेषकांस एसपीएफ, डीकेआयएम व डीएमएआरसी या ओळख पटविणाऱ्या व्यवस्था अनिवार्य केल्या आहेत. त्यांच्या अभावी संदेश परतला असता ग्राहकाचे नाव खोडणे म्हणजे एकाच्या दोषाची शिक्षा दुसऱ्यास देणे होय.

परत संदेशांकडे दुर्लक्ष केल्याचे परिणाम अधिक दूरवर पोहोचतात. बंद पेट्यांवर वारंवार धाडणारा प्रेषक यादी विकत घेणारा असावा, असा तर्क ईमेल सेवा करतात. काही जुने पत्ते तर अशा प्रेषकांस हेरण्यासाठीच राखलेले असतात. प्रेषकाची पत एकदा घसरली की त्याच्या डोमेनवरून निघालेले आवश्यक संदेशही स्पॅममध्ये जाऊ लागतात. परभणीहून मंगळवारी व शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला प्रसिद्ध होतो. कोणतीही संस्था विक्रीची जाहिरात व असा सल्ला एकाच डोमेनवरून धाडीत असल्यास, जाहिरातीच्या यादीतील हयगयीमुळे पावसाची पूर्वसूचना अडून राहू शकते. मग सोयाबीनवर फवारणी करून बसलेल्या शेतकऱ्याचे औषध पावसात वाहून जाते. त्याचा पत्ता मात्र बिनचूक असतो.

संशोधनातही हा विवेक उपयुक्त आहे. ईमेलने धाडलेल्या प्रश्नावलीस किती प्रतिसाद मिळाला, हे सांगताना किती प्रती धाडल्या, किती कायमच्या परतल्या व किती स्वीकारल्या गेल्या, हे आकडे स्वतंत्रपणे द्यावेत. वरील उदाहरणात ३७० उत्तरे आली असता २,००० वर हिशेब केल्यास प्रतिसाद १८.५ टक्के, तर १,८५० वर केल्यास २० टक्के ठरतो. तथापि, संदेश परत आला नाही म्हणून तो वाचला गेला, असेही मानता येत नाही. सर्व्हरचा स्वीकार म्हणजे वाचकाचा स्वीकार नव्हे. यास्तव ज्या सूचनेवर पीक अवलंबून आहे, तिच्यासाठी दूरध्वनी किंवा ग्रामपंचायतीचा फलक असा दुसरा मार्गही खुला ठेवणे अवश्य आहे.