तुकड्याची साक्ष

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगराळ भागात, नायगाव हे गाव आहे. तेथील माळांवर आणि विरळ झाडीत मोरांचे वास्तव्य आहे. म्हणून १९९४ साली हा प्रदेश मयूर अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आला. मोर हा १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याची शिकार करणे हा गंभीर गुन्हा आहे.

परंतु नुसता कायदा असून भागत नाही; गुन्हा घडला हे न्यायालयापुढे सिद्ध व्हावे लागते. समजा, अशा रानालगतच्या एखाद्या घरी चुलीवर मांस शिजत असलेले वनरक्षकांना आढळले. जवळपास पिसे नाहीत, चोच नाही, पायही नाहीत. हे मांस मोराचे असावे, असा वनरक्षकांना संशय येतो. ते घरच्या कोंबडीचे आहे, असे घरमालक शपथेवर सांगतो. मोर आणि कोंबडी हे एकाच कुळातील पक्षी असल्यामुळे शिजलेले मांस नुसते पाहून निर्णय करणे कठीण असते. निर्णय चुकला, तर एक तर शिकारी मोकळा सुटेल, नाही तर निरपराध माणसाला कारावास भोगावा लागेल. मग खरे काय ते कोण सांगणार? त्या मांसाचा लहानसा तुकडाच ते सांगू शकतो. मात्र त्याची भाषा वाचता आली पाहिजे.

प्राण्याचे शरीर असंख्य पेशींचे बनलेले असते. या पेशींत डीएनए नावाचा धाग्यासारखा लांब रेणू असतो. त्याचे घटक चार प्रकारचे असून शास्त्रज्ञ ते ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांनी दाखवितात. अक्षरांच्या क्रमाने जसा शब्द बनतो, तसा या घटकांच्या क्रमाने त्या जीवाचा लेख बनतो. डीएनएचा बराचसा भाग पेशीच्या केंद्रकात, तर थोडासा तंतुकणिकांत असतो. तंतुकणिकांतील लेखाच्या शेकडो प्रती एकेका पेशीत असतात. त्यामुळे मांस शिजले किंवा वाळले, तरी काही प्रतींचे तुकडे बहुधा शाबूत राहतात. या लेखातील काही भाग असे आहेत, की ते एका जातीच्या सर्व प्राण्यांत जवळजवळ सारखे आणि निरनिराळ्या जातींत वेगवेगळे असतात.

हैदराबाद येथील सीसीएमबी या संशोधन केंद्रातील सुनीलकुमार वर्मा आणि लालजी सिंग यांनी अशाच एका भागाचा उपयोग करून घेतला. प्राणी कोणताही असो, एकाच रीतीने त्याचा हा भाग वाचता यावा, अशी पद्धत त्यांनी २००३ साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी सुमारे ६५० अक्षरांचा दुसरा एक भाग प्राण्यांच्या ओळखीसाठी सुचविला.

नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठविला जातो. तेथे त्यातील डीएनए वेगळा काढतात, हव्या त्या भागाच्या लक्षावधी प्रती तयार करतात आणि यंत्राच्या साहाय्याने त्यातील अक्षरांचा क्रम वाचतात. पण ही अक्षरांची रांग कितीही अचूक वाचली, तरी तिच्यावर कोणाचे नाव लिहिलेले नसते. सराफ कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढतो आणि ज्याचा कस ठाऊक आहे, अशा सोन्याच्या रेघेशी ती ताडून पाहतो. तसेच येथेही करावे लागते. त्यासाठी ओळख पटलेल्या जीवांचे लेख एकत्र साठविलेले असतात. १९८२ साली अमेरिकेत सुरू झालेले ‘जेनबँक’ हे असेच एक भांडार असून ते साऱ्या जगाला खुले आहे. संगणक नव्या रांगेची भांडारातील रांगांशी तुलना करतो. ती मोराच्या रांगेशी जुळते की कोंबडीच्या, हे थोड्याच वेळात कळते.

तरीही शास्त्रज्ञ येथे सावध असतात. भांडारात एखाद्या लेखावर चुकीचे नाव पडले असेल, तर उत्तरही चुकीचे मिळते. शोधलेल्या जातीचा लेख तेथे नसलाच, तर संगणक तिच्या जवळच्या नातलगाचे नाव पुढे करतो. म्हणून जुळणी किती तंतोतंत आहे, हे तपासूनच निष्कर्ष काढावा लागतो. ज्या प्राण्यापासून लेख घेतला, तो जाणकाराने ओळखलेला असावा आणि त्याचा नमुना जपून ठेवलेला असावा, म्हणजे शंका आल्यास तो पुन्हा पाहता येतो. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात पक्ष्यांचे असे नमुने आजही सांभाळलेले आहेत. कोणता पक्षी कोठे व केव्हा मिळाला, हे चिठ्ठीवर नोंदविणे, हे वरकरणी क्षुल्लक काम दिसते. परंतु अशा असंख्य प्रामाणिक नोंदी कोणी तरी आधी करून ठेवलेल्या असतात, म्हणूनच मुक्या पाखराला आणि निरपराध माणसाला, दोघांनाही न्याय मिळू शकतो.