कोंडाईबारीचा चढ आणि चाळीस घोडे
गाडीचं गणित : लेखांक 9

उधन्याच्या एका वाचकाने पाठवलेल्या प्रश्नावर आजचा लेख बेतला आहे. त्यांच्या वडिलांनी घेतलेली 1974 सालची पद्मिनी अजून दारात आहे आणि चालतेही. दिवाळीला सगळे साक्रीला निघतात. व्यारा, सोनगड, नवापूरपर्यंत गाडी कुरकुर करत नाही. विसरवाडी मागे पडून कोंडाईबारीचा घाट लागला, की मात्र ती दुसऱ्या गिअरवर येते आणि मागे ट्रकची रांग लागते. मुलगा म्हणतो, अ‍ॅम्बॅसेडरचं इसुझू इंजिन बसवून टाकू. बसेल का?

बसवता येईल. पण बसवावं का, हे ठरवण्याआधी थोडं गणित करू.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट 1100. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. इंजिन 1089 सीसीचं, ताकद साधारण 40 अश्वशक्ती. गाडीचं वजन 900 किलोच्या आसपास. त्यात पाच माणसं आणि फराळाचे डबे धरून भार 1300 किलो समजू. शंभर मीटर जाताना सहा मीटर वर चढायचं असेल आणि वेग ताशी 50 किलोमीटर हवा असेल, तर नुसता चढ 14-15 अश्वशक्ती खातो. टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून आणखी पाच-सहा. म्हणजे चाकांपाशी वीस अश्वशक्ती पुरते. चाळीस घोड्यांचं तब्येतीत असलेलं इंजिन एवढं काम तिसऱ्या गिअरमध्ये करू शकतं. मग ही गाडी दुसऱ्यावर का येते? पन्नास वर्षांत सिलिंडर झिजले, रिंगा सैल झाल्या, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले आणि चाळिसातले कितीतरी घोडे वाटेतच गळाले, हे त्याचं पहिलं संभाव्य उत्तर आहे.

इंजिन एकटं येत नाही

आता इसुझूकडे वळू. ते 1.8 लिटरचं, सुमारे 75 अश्वशक्तीचं, म्हणजे जवळजवळ दुप्पट. शिवाय अंगानेही भारी. पद्मिनीत इंजिन लांबीच्या दिशेने बसतं आणि मागची चाकं फिरवतं, त्यामुळे हल्लीच्या छोट्या गाड्यांची आडवी इंजिनं तिला सरळ चालत नाहीत. इसुझूची मांडणी जुळते, पण पुढची कामं तिथून सुरू होतात. माउंटिंग नवं बनवायचं. खालचं ऑइल चेंबर क्रॉस मेंबरला आणि एक्झॉस्ट स्टीअरिंगला घासणार नाही हे पाहायचं. त्याच इंजिनचा गिअरबॉक्स घेतला, तर स्टीअरिंगखालचा गिअरचा दांडा जातो आणि प्रोपेलर शाफ्ट लेथवर कमी-जास्त करून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. शाफ्टचा कोन चुकला तर क्रॉस लवकर जातात. जाळलेल्या इंधनातली जवळपास एक तृतीयांश ऊर्जा उष्णता होऊन पाण्यावाटे बाहेर पडते, म्हणून रेडिएटरही मोठा हवा. सुरतच्या मे महिन्यात, उधना दरवाजाच्या सिग्नलला उभं राहिल्यावर, ही गरज पहिल्यांदा कळते. आणि मागचं क्राउन-पिनियन? ते चाळीस घोड्यांच्या ओढीसाठी घडवलेलं आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट ब्रेकची. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. वेग 60 वरून 80 झाला की थांबवायची ऊर्जा सव्वा पट नव्हे, पावणेदोन पटीहून जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. त्यात पुढचं वजन वाढलेलं. घाट चढणारी गाडी त्याच घाटाने उतरणारही असते.

जाणत्या लोकांनी हे काम कसं केलं, ते पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमधल्या मिनीचं इंजिन 848 सीसीचं, 34 अश्वशक्तीचं होतं. जॉन कूपर यांच्या आग्रहाने 1961 साली मिनी कूपर आली, तेव्हा इंजिन 997 सीसी आणि 55 अश्वशक्तीचं झालं, आणि त्याच वेळी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. ताकद आणि थांबण्याची सोय एकाच दिवशी वाढली. आपल्याकडे प्रीमियरनेच 1980 च्या दशकात 118 एनई काढली, तेव्हा निस्सानचं 1171 सीसीचं, 52 अश्वशक्तीचं इंजिन जुन्या पद्मिनीत न घालता फियाट 124 च्या वेगळ्या सांगाड्यात बसवलं. हौशी लोक पद्मिनीसाठी हे इंजिन शोधतात ते याच कारणाने: घर तेच, मांडणी तीच आणि ताकदीतली उडी झेपेल इतकीच.

आरसी बुक काय म्हणतं

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच अधोरेखित केलं. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवायला कायद्यात वाट आहे, दुसऱ्या कंपनीचं मोठं इंजिन हौसेने बसवायला ती नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला, तर विम्याचा दावाही अडचणीत येतो.

आणखी एक गोष्ट घरात बसून बोलण्यासारखी आहे. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्या नोंदणीवर रोजची वाहतूक करता येत नाही, त्यामुळे ती घ्यायची की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. पण 1974 ची पद्मिनी 2024 सालीच त्या उंबरठ्यावर पोहोचली आहे. मूळ इंजिन भंगारात गेलं, की तो दरवाजा बंद होतो.

म्हणून माझा सल्ला असा. आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडे पडलेले असतील तर इंजिन उतरवा, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन-रिंगा टाका, व्हॉल्व्ह घासून घ्या, कार्ब्युरेटर आणि टायमिंग नीट लावा. रेडिएटर साफ करून घ्या. मुलाला या कामात पहिल्या दिवसापासून शेजारी उभं करा. त्याची हौस खरी आहे, आणि आजोबांनी घेतलेल्या गाडीचं इंजिन स्वतःच्या हातांनी उघडून पुन्हा सुरू करण्यात ती पुरेपूर भागेल. मग दिवाळीला कोंडाईबारीत तिसरा गिअर टिकतो का ते पाहा आणि मला कळवा.

पुढच्या आठवड्यात : घाट उतरताना ड्रम ब्रेक का ‘विरघळतात’ आणि त्यावर काय करायचं.